शेवटचा आकडा दोनदा

ही गोष्ट खरी आहे.

पटत नसेल तर इथेच थांबा. पुढे वाचू नका. आयुष्यभर लोकांनी मला खोटं ठरवलंय, त्यात तुमची एक भर पडली तर मला काही फरक पडत नाही.

गाव नाशिक. सातपूरची औद्योगिक वसाहत. साल १९८७, एप्रिल महिना.

आणि रात्र नव्हती बरं का! भुताच्या गोष्टीला रात्र लागते, अमावस्या लागते, चिंचेचं झाड लागतं. इथे यातलं काही नाही. शनिवारची भर दुपार होती. आमच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, असलं ऊन.

मी मैना पगारे. आमच्या घरात भूतबित कोणी मानत नाही. बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा आणि भुतं एकदमच घराबाहेर काढली, असं आई सांगायची. म्हणून त्या दुपारचं मी बाबांना कधीच सांगितलं नाही. ते गेले, तरी नाही.

आज सांगते.

कारखान्याचं नाव सांगणार नाही. ट्रॅक्टरला ट्रॉली ज्या जाड लोखंडी पिनेने जोडतात ना, ती पिन आम्ही बनवायचो. त्या वर्षी कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं. त्याच्यासाठी एसीची वेगळी खोली, चपला बाहेर काढून आत जायचं. मी नुकताच कोर्स केलेला, म्हणून मला त्याच्यासमोर बसवलं. प्रोबेशनवर.

काम तसं सोपं होतं.

माझ्या खोलीला लागून इन्स्पेक्शनची खोली. मध्ये काच, काचेत बोलण्यापुरती छोटी खिडकी. पलीकडच्या टेबलावर डायल गेज. घड्याळासारखी तबकडी आणि तिच्यात एक काटा. पिन खाली सरकवली की काटा हलायचा. मधोमध थांबला तर झिरो, म्हणजे पिन मापात. उजवीकडे गेला तर प्लस, पिन जाड. डावीकडे गेला तर मायनस, पिन बारीक. डावीकडे एक लाल खूण होती. काटा तिच्यापलीकडे गेला की पिन भंगारात टाकायची.

हे माप घ्यायचे निवृत्तीकाका. निफाडकडचे, वयाने बाबांएवढे. ते पुकारायचे, मी खिडकीतून ऐकून कॉम्प्युटरच्या फाईलमध्ये टाकायची.

टक... पिन गेजखाली.

"झिरो."

टक...

"प्लस एक."

टक...

"मायनस एक."

एका ढिगात पन्नास पिना. ढीग संपला की काका शेवटचा आकडा दोनदा पुकारायचे. "झिरो... झिरो." ही त्यांची जुनी सवय. दुसऱ्यांदा पुकारलेला आकडा टाकायचा नाही, फाईल बंद करायची. अख्ख्या कारखान्यात असं फक्त तेच पुकारायचे.

मग माझा प्रोग्रॅम चालायचा. तो मीच लिहिला होता, आणि मला त्याचा फार अभिमान होता. फाईल उघडायची, एकेक आकडा वाचायचा, किती आकडे झाले ते मोजायचं, बेरीज करायची. सर्वांत लहान कोणता, सर्वांत मोठा कोणता, सरासरी किती. आणि शेवटी पसारा. म्हणजे आकडे सरासरीपासून किती इकडेतिकडे पसरलेत ते. पुस्तकात त्याला प्रमाण विचलन की काय म्हणतात. आम्ही पसाराच म्हणायचो.

तर हा पसारा फारच कमी यायचा.

एकदा मी खिडकीतून विचारलंही. "काका, पसारा इतका कमी कसा हो? एका हातच्या भाकरीसुद्धा सारख्या होत नाहीत. पिना कशा होतात?"

काका हसले. "पोरी, भाकर हातानं थापत्यात, पिन मशीन काढतं. नवं मशीन हाय. लय गुणाचं हाय."

मी विश्वास ठेवला.

का नाही ठेवणार? कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारी बसायला काही जण का-कू करायचे. कशासाठी, ते मी सांगायला नको. काका सरळ यायचे, माझ्या डब्यातली भाकरी मोडायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "माझ्या लेकीच्या हाताला चव हाय."

लेक म्हणायचे हो मला!

मार्चमध्ये चांदवडच्या घाटात कांद्याची ट्रॉली सुटली. भरलेली ट्रॉली, चढावर पिन निसटली आणि ट्रॉली मागे गेली. वर गोण्यांवर शकुबाई नावाची बाई बसली होती. दोन लेकरांची आई. ती जागीच गेली.

पिन आमची होती.

साहेबांनी गोदामातल्या पिना काढून मोजायला लावल्या. सगळ्या बारीक. मशीनचं सेटिंग कधीचं सरकलं होतं. काटा लाल खुणेच्या पलीकडे जात होता आणि माझ्या फायलींमध्ये मात्र झिरो, झिरो, प्लस एक, झिरो.

आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"निवृत्ती, चूक कोणाची? पुकारणाऱ्याची की टाकणाऱ्याची?"

मी निर्धास्त उभी होते. मला वाटलं, काका सांभाळून घेतील.

काका म्हणाले, "म्या बराबर पुकारलं, साहेब. पोर नवी हाय. मन मानंल तसं टाकलं आसंल."

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. केसाने गळा कापला माझा. तोही लेक म्हणणाऱ्या माणसाने.

"काका?" माझ्या तोंडून एवढंच आलं.

त्यांनी मान वळवली... पण माझ्याकडे नाही. कपाटाकडे वळवली. मी दुसऱ्या बाजूला उभी होते. मला वाटलं, लाज वाटते म्हणून नजर चुकवतायत.

साहेब म्हणाले, चौकशी होईल, रिपोर्ट लिहिला जाईल. त्या रिपोर्टात कोणाचं तरी नाव येणार होतं. एका बाईचं मरण कोणाच्या तरी नावावर लागणार होतं. मला बाकी काही नको होतं. नोकरी गेली तर जाऊ दे. पण ते मरण माझ्या नावावर नको होतं.

आणि त्याच आठवड्यात निवृत्तीकाका गेले. त्र्यंबक रोड ओलांडताना, ट्रकखाली. दिवसाढवळ्या. बघणारे म्हणाले, ट्रक समोरून हॉर्न वाजवत येत होता आणि म्हातारा सरळ त्याच्यासमोर चालत गेला.

मी त्यांच्या घरी गेले. राग होता, तरी गेले. माणूस गेल्यावर जावं लागतं.

त्यांची बायको भागीबाई भिंतीला टेकून बसली होती. मला जवळ बसवलं आणि रडत रडत म्हणाली, "त्यांना दिसतच नव्हतं गं, माय. दोन वर्सं झाली. डोळ्यात मोती झालता. वाटीत बोट घालून बघायचे, आमटी किती हाय ते. आपरेशनला भ्यायचे. म्हनायचे, रिटायर होईस्तवर कोनाला कळू देऊ नको."

मग मला एकेक आठवायला लागलं.

वर्तमानपत्र काका मला वाचून दाखवायला लावायचे. टेबलाच्या कडेला हात लावून चालायचे. चपलांच्या आवाजावरून मला ओळखायचे आणि मी खूश व्हायची.

काटा त्यांना दिसतच नव्हता. ते मनाने पुकारत होते. झिरो, झिरो, प्लस एक, झिरो. म्हणून पसारा येत नव्हता. खरे आकडे इकडेतिकडे होतात. मनातले आकडे मधोमधच बसून राहतात.

मी भागीबाईचे हात धरले. "काकू, हे साहेबांना सांगाल? एवढंच सांगा. माझ्यावर बालंट आलंय हो."

तिने हात सोडवून घेतले.

"आमच्या लहानूला त्यांच्या जागंवर घेनार हायेत," ती म्हणाली. "आता मी असं सांगू? मेल्या मानसाच्या तोंडाला काळं फासू? तू शिकल्याली हायेस. तुला कुटंबी काम मिळंल."

चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि तो फास माझ्याच गळ्यात.

पुढच्या शुक्रवारी साहेब म्हणाले, "उद्या सुट्टी आहे. शांतपणे ये. जुन्या सगळ्या फायली प्रोग्रॅममध्ये घालून कागद काढून ठेव. रविवारी चौकशीवाले बघतील. कदाचित तुझा प्रोग्रॅमच चुकत असेल."

तर आता ती दुपार.

गेटवर सहादू वॉचमन होता. त्याने कुलूप काढलं. मशीनशॉपची वीज बंद होती, फक्त ऑफिसची चालू. एरवी ज्या शॉपमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही, तिथे माझ्या पावलांचा आवाज येत होता. मी चपला काढल्या, आत गेले, फ्लॉपी घातली. पहिली फाईल. प्रोग्रॅम चालवला.

सरासरी झिरोच्या आसपास. पसारा नेहमीसारखा, कमी. आणि आकडे...

एक्कावन्न.

ढीग पन्नासचा असतो. नेहमी पन्नास.

मी घाबरले नाही. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ही चूक पाठ असते. फाईल संपली का, हे आधी न बघता पुढचं वाचायला गेलं, की शेवटचा आकडा दोनदा मोजला जातो. नवशिके हमखास करतात. पण मी तर ते केलेलं नव्हतं. कालपर्यंत याच फाईलचे पन्नास येत होते.

प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. बरोबर होता.

दुसरी फाईल. एक्कावन्न.

तिसरी फाईल. एक्कावन्न.

मग मी फाईलच पडद्यावर उघडली. शेवटी बघितलं.

झिरो.

झिरो.

शेवटचा आकडा दोनदा.

हे असं पुकारणारा माणूस एकच होता.

आणि तेव्हाच... काचेपलीकडून...

टक.

मी हलले नाही. एसीचा आवाज असेल. पत्रा तापला असेल.

टक.

"झिरो."

हळू, पण स्पष्ट. घशात थोडी खरखर असलेला, ओळखीचा आवाज.

मी मान वळवली. पलीकडची खोली रिकामी होती. खुर्ची आत सरकवलेली. टेबलावर पिना नव्हत्या, ट्रे नव्हता. फक्त गेज होतं.

आणि गेजचा काटा हलत होता.

खरं सांगू? मला भीती नंतर वाटली. आधी वाटला तो आनंद. रडूच आलं. म्हटलं, आले! माझे काका आले! जिवंतपणी धीर झाला नाही, आता खरं सांगायला आले. आता त्यांना कोणाची भीती? डोळ्यांची नाही, नोकरीची नाही. लेक म्हणायचे ना मला.

मी नवी फाईल उघडली.

"काका, पुकारा," मी म्हटलं. "मी टाकते."

टक.

काटा सरकन डावीकडे गेला. लाल खुणेच्या पलीकडे. मायनस सात.

"झिरो," आवाज म्हणाला.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

टक.

काटा परत डावीकडे. मायनस आठ.

"प्लस एक."

"काका," मी म्हटलं, "काटा बघा ना. मायनस आहे."

टक. मायनस सात.

"झिरो."

"काका! खरं पुकारा हो! आता तरी खरं सांगा! माझ्या नावावर बाईचं मरण लावतायत हो, काका!"

टक.

"झिरो."

मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, पुकारा तुम्ही काय पुकारायचं ते. मी काचेतून काट्याकडे बघत होते आणि काटा दाखवेल तेच टाकत होते. मायनस सात. मायनस आठ. मायनस सहा. ते झिरो म्हणायचे, मी मायनस टाकायची. रडत होते, शिव्या देत होते, ओरडत होते. ज्या माणसाला मी कधी अरे-तुरे केलं नाही, त्याला काय काय बोलले मी त्या दुपारी.

आवाजात काहीच फरक पडला नाही. तीच शांत लय. मन लावून काम करणाऱ्या माणसाची.

आणि मग...

"झिरो..."

थोडं थांबून...

"झिरो."

काटा मधोमध येऊन थांबला. ढीग संपला.

मी फाईल बंद केली. डोळे पुसले. मनात म्हटलं, काही हरकत नाही. माझ्याकडे आता खरे आकडे आहेत. मी स्वतः टाकलेत. प्रोग्रॅम चालवला, प्रिंटर चालू केला. तो करकरत कागद बाहेर ढकलायला लागला.

सरासरी, झिरो.

सर्वांत लहान, मायनस एक. सर्वांत मोठा, प्लस एक.

पसारा, जवळजवळ नाहीच.

आकडे, एक्कावन्न.

मी फाईल उघडून बघितली. माझा एकही आकडा तिथे नव्हता. सगळे त्यांचेच होते.

त्या क्षणी भीती वाटली. तीही भुताची नाही. एखादा माणूस मेल्यावरही आपला गळा सोडत नाही, याची.

मागे दार उघडलं. मी किंचाळलेच. सहादू होता, हातात पाण्याचा तांब्या.

"ताई, काय झालं? बरं वाटत नाय का?"

"सहादूभाऊ!" मी त्याचा हातच धरला. "तुम्ही ऐकलंत ना? पुकारा ऐकलात ना?"

"ऐकला ना," तो म्हणाला.

माझ्या जिवात जीव आला. साक्षीदार मिळाला!

"निवृत्तीकाकांचा आवाज. ओळखलात ना?"

सहादू हात सोडवत एक पाऊल मागे सरकला.

"ताई... आवाज तर तुमचाच व्हता. तुम्हीच झिरो झिरो करत व्हत्या मघापासून. दुसरं कोनी नव्हतं."

रविवारी चौकशी झाली. सहादूने जे ऐकलं तेच सांगितलं. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. फ्लॉपीवर शनिवारच्या तारखेची नवी फाईल सापडली, आणि तिच्यात तेच गोंडस आकडे. साहेबांनी तो कागद माझ्यासमोर धरला. "सुट्टीच्या दिवशी रिकाम्या खोलीत बसून, स्वतःच पुकारून, स्वतःच टाकतेस? अशाच बनवल्यास का सगळ्या फायली?"

काय सांगणार होते मी? मेलेला माणूस आला आणि पुन्हा खोटं बोलला?

रिपोर्टात माझं नाव आलं. काकांच्या टेबलावर लहानू बसला. भागीबाई पुढे मला एकदा बाजारात दिसली, तेव्हा पदर पुढे ओढून भाजीच्या गाडीमागे गेली.

शकुबाईच्या घरच्यांना कोणीतरी सांगितलं असणारच, की एका पोरीने निष्काळजीपणे आकडे टाकले. चांदवडकडे जाणाऱ्या गाडीत मी आजही बसत नाही.

नंतर मी कॉम्प्युटर क्लास काढला. पुष्कळ मुलं हाताखालून गेली. फाईलमधून आकडे वाचून सरासरी काढायचा प्रोग्रॅम दर बॅचला शिकवावा लागतो. मुलं ती चूक करायची, शेवटचा आकडा दोनदा मोजायची, आणि मी वर्गाबाहेर जाऊन उभी राहायची. मुलं म्हणायची, मॅडम फार रागीट आहेत.

बरीच वर्षं मी मनाला समजावलं. ऊन होतं, डोक्यावर ताण होता, भास झाला. सहादूने खरं ते सांगितलं. काका बिचारे गेले ते गेले.

मग गेल्या वर्षी मला अंधुक दिसायला लागलं.

मोतीबिंदू. मी काकांसारखी भित्री नाही, लगेच डॉक्टरांकडे गेले. कॉलेज रोडला, सकाळची वेळ, बाहेर पेशंटची गर्दी. एक डोळा झाकून त्यांनी समोरचा तक्ता दाखवला.

"वरची ओळ वाचा, आजी."

वाचली.

"खालची?"

खालची ओळ मला दिसत नव्हती. नुसता पांढरा धुरळा. मी म्हणणार होते, डॉक्टर, दिसत नाही. शपथेवर सांगते, तेवढंच म्हणणार होते.

पण माझ्या तोंडून आवाज आला. शांत. घशात थोडी खरखर असलेला.

"झिरो... प्लस एक... झिरो..."

डॉक्टर हसले. "आजी, ती अक्षरं आहेत. आकडे नाहीत."

मला थांबायचं होतं. मी ओठ आवळले, हाताने तोंड दाबलं.

तरी शेवटचा आकडा दोनदा आला.